रंगवलेल्या खुर्च्या

१

श्रीमंतांच्या वस्तूंवर थुंकून मी पोट भरते. यात विनोद नाही. रंगवलेल्या जुन्या लाकडावरचा मळ काढायला माणसाच्या लाळेसारखं दुसरं काही मिळत नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा, चित्रावर हलक्या हाताने गोल घासायचा, काळा झाला की फेकून नवा घ्यायचा. परदेशात शिकून आलेली मंडळीही हेच करतात, फक्त गिऱ्हाइकाची पाठ वळल्यावर. मी समोर करते. आपल्या महागड्या कपाटाला कुणी थुंकी लावतंय हे बघून त्यांचे चेहरे जे होतात, ते माझ्या कामातलं एकमेव सुख.

माझं नाव मेघना. फणसवाडीत दोन खोल्यांत एकटी राहते. माणसं मला फार वेळ सोसत नाहीत आणि मीही त्यांना सोसत नाही. इतकी वर्षं लोकांच्या घरात शिरून त्यांची आवडनिवड बघितली की माणसाबद्दलचा आदर आपोआप गळून पडतो. मलबार हिलवर संगमरवरी हत्तींवर ठेवलेले टीव्ही बघितले आहेत मी. दादरला पेशवाई झुंबराखाली ट्रेडमिल बघितलंय.

म्हणून वैभव नावाच्या एका नव्या गिऱ्हाइकाने फोनवर 'व्हिक्टोरियन' म्हटलं तेव्हा मी हसलेच.

"मॅडम, पूर्ण सेट आहे. इंग्लंडवरून उचललाय. ओरिजिनल."

"ओरिजिनल म्हणजे जोगेश्वरीला बनवलेला का?"

"या तर खरं. बघून मग बोला."

गेले. बघितला. सेट खरा होता. मला त्याचा रागच आला.

२

लालबागला त्यांचा टॉवर आहे तिथे आधी चाळ होती. वैभव त्या चाळीत जन्मला. हे तो पहिल्या भेटीत सांगून टाकतो, आणि मग तसं कुणाला वाटू नये यासाठी घर भरत राहतो. त्याचा धंदा माणसं पुरवण्याचा. मॉलमध्ये, ऑफिसात गणवेश घालून फरशी पुसणारी, दार उघडणारी, लिफ्टपाशी उभी असणारी पोरं-पोरी दिसतात ना, ती त्याची. ड्युटीवर बसायचं नाही, हा त्याच्या कंपनीचा पहिला नियम. तो त्याने मला अभिमानाने सांगितला.

बायको सीमा. प्रत्येक वाक्य बोलून झालं की ते बरोबर होतं ना, अशा नजरेनं समोरच्याकडे बघणारी. आणि वैभवची आई, जाईबाई. ऐंशी कधीच ओलांडलेली, गॅलरीत वेताच्या मोढ्यावर पाय लांब करून बसलेली. त्या घरात खऱ्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी होत्या, एक तो सेट आणि दुसरी ती म्हातारी.

"बस गो बाय," ती मला म्हणाली. "उभी कित्याक? मी मिलात उभी हयात उभ्यान काढलंय. वाइंडिंगात, सूत गुंडाळतत थंय, बसाक मिळायचा नाय. जॉबर बघायचो, आमचो मुकादम. आता बसणं ह्याच माझा काम." मग मुलाकडे वळून, "त्या पोरांका एकेक स्टूल दी रे तुझ्या."

"क्लायंटला चालत नाही, आई," वैभव म्हणाला. हा संवाद त्यांच्यात रोज होत असावा, कारण दोघांपैकी कुणीही तो लक्ष देऊन बोलत नव्हतं.

जेवणाच्या हॉलमध्ये सेट मांडला होता. भिंतभर कपाट, लांबलचक टेबल आणि उंच पाठीच्या खुर्च्या. इंग्लंडमधल्या कुणा जमीनदाराने आपल्या गावाकडच्या हवेलीतल्या एकाच दालनासाठी हे सगळं मुद्दाम करून घेतलं होतं. तिकडे त्या काळी तशी टूम होती. पैसा यायचा कारखान्यांच्या धुरातून, आणि घरात मात्र जुन्या सरदारी दिवसांची चित्रं कपाटांवर रंगवून घ्यायची. नवश्रीमंत सगळीकडे सारखेच.

पण रंगवणाऱ्याचा हात मोठा होता, हे मला कबूल करावं लागलं. कपाटाच्या वरच्या दारांवर सोनेरी पार्श्वभूमीवर मेजवानी चालली होती. लाल आणि गर्द हिरव्या झग्यांतली बायका-माणसं ओळीनं बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, तोंडं किंचित वाकडी, जणू पुढ्यात वाढलेलं सगळंच बेचव आहे. खालच्या दारांवर नोकर. ताटं, सुरया, पिसांसकट भाजलेला मोर घेऊन रांगेत उभे. बसलेल्यांचा प्रत्येक चेहरा वेगळा, जीव ओतून काढलेला. नोकरांना सगळ्यांना मिळून एकच चेहरा, तोही घाईने उरकलेला. खुर्च्यांच्या पाठींवर डाळिंबाच्या फांद्या होत्या.

ते वरचे चेहरे मला आवडले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी रोज आरशात बघते.

"अँटिकवाला म्हणाला सेट तोडू नका," सीमा म्हणाली. "कपाट, टेबल, खुर्च्या, सगळं एकाच खोलीत ठेवा म्हणाला. बरोबर ना, मॅडम?"

"बरोबर," मी म्हटलं, आणि बसून काम करायला एक स्टूल मागवून घेतलं.

३

काम सुरू झालं. सकाळी टॅक्सीने लालबागला यायचं, दुपार कलेपर्यंत घासायचं, परत जायचं. वरच्या दारांपासून सुरुवात केली. मळाखालून एकेक चेहरा उजळत होता, आणि जसजसा उजळत होता तसतसा अधिकच तुच्छतेने भरलेला दिसत होता.

या घरात काहीतरी विचित्र चाललंय हे माझ्या लक्षात आलं ते एका दुपारी, वैभव जेवायला घरी आला तेव्हा. त्याने ताट घेतलं, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभा राहिला आणि उभ्यानेच जेवला. सीमाही शेजारी उभी, हातात वाटी. एवढं राजेशाही टेबल विकत घेऊन वडापावच्या गाडीवर जेवावं तसं दोघं जेवत होते. मला मनातून फार बरं वाटलं.

"टेबलावर नाही बसत?" मी मुद्दामच विचारलं.

"खराब होईल ना," सीमा म्हणाली. "बरोबर ना, मॅडम?"

पटण्यासारखं कारण होतं. ज्या वस्तू वापरायची हिंमत नाही त्या विकत घेणं हा त्या मजल्यांवरचा सर्वसाधारण रोग आहे. पण मग मी बघायला लागले. हॉलच्या दुसऱ्या टोकाला सोफे होते, त्यांवर कुणी बसत नव्हतं. वैभव फोनवर तासन्‌तास बोलायचा तो भिंतीला टेकून. सीमाची मैत्रीण आली, पर्स हातात धरून उभ्याउभ्या गप्पा मारून गेली. जाताना म्हणाली, "किती छान बसलो ना आज!" सीमाही हो म्हणाली. दोघींपैकी एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी हे सगळं त्यांच्या खात्यावर टाकत होते. नवीन पैशाचा अवघडलेपणा. चाळीत खाटेवर, जमिनीवर, जिन्यावर, कुठेही फतकल मारून बसणारी ही माणसं, टॉवरमध्ये आली आणि बूड कुठे टेकवावं हेच विसरली. घरी जाऊन मी त्यांची नक्कल करून आरशासमोर हसलेसुद्धा.

मग एका सकाळी बघितलं, गॅलरीतला मोढा रिकामा होता. जाईबाई हॉलमध्ये होती. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, पाठ भिंतीला, दोन्ही हात पोटावर एकावर एक, मान खाली.

"आजी, काय झालं? बसा ना."

"बसतंय गो," ती म्हणाली.

माझी दुपारची जायची वेळ झाली तरी ती तिथेच होती. तिचे पाय घोट्यांपाशी सुजून चपलांच्या बाहेर आले होते.

४

वरची दारं संपवून मी खालच्या दारांना हात घातला. ती गुडघ्याच्या उंचीवर. दुपारपर्यंत कंबर अशी धरली की सरळ होता येईना. कमरेवर हात ठेवून मी मागे वळले, आणि कोपऱ्यात ते स्टूल दिसलं. मी मागवलेलं. त्यावरचं प्लास्टिक अजून फाडलेलंही नव्हतं.

मी तिथेच थांबले. पहिल्या दिवसापासून आठवून बघितलं. या हॉलमध्ये मी एकदाही बसले नव्हते. डबासुद्धा उभ्याने खाल्ला होता. खालची दारं साफ करायला कुणीही शहाणं माणूस जमिनीवर मांडी घालेल. मी कंबर मोडून वाकले होते, नोकर वाकतात तशी.

मला स्वतःचीच चीड आली. प्लास्टिक टराटरा फाडलं, स्टूल कपाटासमोर ओढलं आणि बसले.

वरची ती सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती.

आता यात काही जादू नाही. चित्रकाराला ठराविक उंचीवरून डोळ्याला डोळा भिडेल अशी नजर काढता येते. उभं राहून बघितलं की त्यांची नजर तुमच्या डोक्यावरून लांब कुठेतरी जायची, तुम्ही नसल्यासारखी. बसलं की ती बरोबर तुमच्यावर यायची. एवढंच. जेवणाच्या दालनासाठी रंगवलेलं कपाट, समोर टेबलाशी बसणाऱ्यांचा विचार करूनच रंगवलेलं असणार. मी स्वतःला हे व्यवस्थित समजावून सांगितलं. नुसतं बघणं नव्हतं ते, हेही कळत होतं. आपल्या पंगतीत कुणी भलतंच येऊन बसलं की लोक जे करतात ते होतं. बोलणं थांबवून वाट बघणं, हे उठतंय कधी याची.

मी मान खाली घातली आणि कामाला लागले. कापूस जिभेवर फिरवला. तो कोरडाच राहिला. तोंडात लाळेचा थेंब नव्हता. गाल चोखले, जीभ दाताखाली धरली, लिंबाचं लोणचं आठवलं. काही नाही. आयुष्यभर ज्या थुंकीच्या जोरावर मी लोकांच्या तोंडाकडे बघून हसत आले, ती आटली होती.

उठले. उभी राहिल्याबरोबर तोंडाला पाणी सुटलं.

त्या दिवशी उरलेलं काम मी वाकूनच केलं. कंबर दुखत होती, तरी जिवाला बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणंच मला सगळ्यात किळसवाणं वाटलं.

५

खुर्च्यांच्या गाद्या नव्या होत्या. सेट येताच वैभवने त्या कातड्याने मढवून, आत नवीन कापूस भरून घेतल्या होत्या. सीमाच्या सांगण्याप्रमाणे त्यानंतर एकाही खुर्चीवर कुणी बसलेलं नव्हतं.

डाळिंबाच्या फांद्या साफ करायला मी पहिली खुर्ची टेबलापासून ओढली. ओढली म्हणजे, ओढायचा प्रयत्न केला. जड होती. ओकची असते जड. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा फरशीवर करकरत थोडी हलली.

गादीला मधोमध खळगा पडला होता. बसून बसून पडतो तसा, दोन मांड्यांचा. मी बोटांनी दाबून बघितला. मग सबंध तळवा ठेवला.

कातडं उबदार होतं.

एसी इतका वाढवलेला होता की मी शाल घेऊन काम करत असे. ऊन, मी मनाशी म्हटलं. समोरच्या काचेतून दिवसभर ऊन येतं. मान वर करून ऊन खरोखर टेबलापर्यंत पोचतं का, हे मात्र मी बघितलं नाही. मला ते बघायचं नव्हतं. मी हात काढून घेतला. खळगा तसाच राहिला. आणि काही वेळाने, मी शेजारच्या खुर्चीची पाठ पुसत असताना, आधीच्या खुर्चीतून लाकडाचा तो बारीक आवाज आला, जो बसलेला माणूस जरा सरकला की येतो.

लाकूड बोलतं. कोरड्या हवेत आक्रसतं, दमट हवेत फुगतं. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात हे.

६

जाईबाई पडली ती भर सकाळी. मी लिफ्टमधून बाहेर आले तर दार सताड उघडं आणि सीमा ओरडत होती. म्हातारी भिंतीशी, रोजच्याच जागी, मोडून पडली होती. पाय असे सुजले होते की कातडी चमकत होती.

"किती वेळ उभ्या होत्या?" मी विचारलं.

"मला काय माहीत?" सीमा रडत म्हणाली. "मी पण इथेच उभी होते."

परळच्या एका हॉस्पिटलात तिला नेलं. वैभव तिथून घरी परतल्यावर मी त्याला हॉलमध्ये गाठलं. मला लोकांच्या घरात लक्ष घालायची सवय नाही, पण बोलले.

"तो सेट इथून हलवा. निदान कपाट तरी."

"का?"

"तुमच्या घरात कुणी बसत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का?"

त्याने माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत. "मॅडम, रविवारी माझे मोठे क्लायंट जेवायला येतायत. हे कपाट बघायला येतायत. आईचं वय झालंय, त्याचं कपाटाशी काय? तुम्ही तुमचं थुंकायचं काम करा ना."

माझ्याच तोंडी शोभेल असं वाक्य होतं. मी गप्प बसले. म्हणजे गप्प उभी राहिले.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेले. का गेले माहीत नाही. मी कुणाला बघायला हॉस्पिटलात जात नाही. जाईबाई खाटेवर उशांना टेकून बसली होती. मला बघून तिने खाट थोपटली. मी बसले. कित्येक दिवसांनी कुणाच्या शेजारी बसले होते.

"आजी, तिथे काय होतं तुम्हाला?"

तिने पायांवरची चादर बाजूला केली. मग म्हणाली, "बसाक गेलंय की वाटता, कोण तरी बघता. मिलात जॉबर बघायचो तसा. पण जॉबर तरी येयचो नि जायचो. ह्यो जाणाच नाय."

"कोण?"

"माका काय ठावक? मी मान वर करून बघलंय खंय?" तिने स्वतःच्या पायांकडे बघितलं. हातांनी एकेक उचलून सरळ केला. "युनियनमध्ये होतंय मी, बाय. मोर्चात पोलिसाचा दांडा धरलेलो ह्या हातान. नि त्या कपाटापुढे मान खाली घालून उभी रवलंय. कसली गो लाज ही!"

तिचे डोळे भरून आले होते. रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं असतं ते मला येत नाही. मी नुसती तिच्या शेजारी बसून राहिले.

"रविवारी सोडतत माका," ती म्हणाली.

"नका येऊ त्या घरात. दुसरीकडे कुठे जा."

"माझा घर ता," ती म्हणाली. "चाळीतली माझी खोली गेली तेच्या बदल्यात मिळालेला. मी कित्याक जाऊ?"

७

रविवारी मला बोलावलं होतं, पाहुण्यांना सेटची माहिती सांगायला. मी गेले ते जाईबाईसाठी, हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

पाहुणे जमले होते. मॉलचे मालक, कसले कसले डायरेक्टर, त्यांच्या बायका. भर दुपार. काचेतून लख्ख उजेड. कपाट असं झळकत होतं की माझ्या हाताचा मलाच अभिमान वाटावा. टेबल मांडलं होतं, पांढरं कापड, चांदीची ताटं, फुलं. खुर्च्या टेबलापासून किंचित मागे सरकवलेल्या, माणसं बसली की असतात तेवढ्या.

आणि सगळे पाहुणे भिंतीच्या कडेने उभे होते.

बुफे नव्हता. पानं टेबलावर मांडलेली होती. पण कुणी तिकडे फिरकत नव्हतं. वैभवच्या गणवेशातल्या पोरी हातात बशा आणून देत होत्या, आणि ही सगळी बडी माणसं भिंतीला पाठ लावून, कोपर अंगाशी धरून, घास घेत होती. बोलत होती, हसत होती, शेअरबाजार, शाळांचे प्रवेश, कुणाचं कुठलं फार्महाउस. हळू आवाजात. मध्येच टेबलाच्या दिशेने नजर टाकायची आणि लगेच खाली घ्यायची. कुणी मला सेटबद्दल काही विचारलं नाही.

एरवी हे दृश्य मी वर्षभर पुरवून पुरवून हसले असते. त्या दिवशी माझ्याही हातात बशी होती आणि माझीही पाठ भिंतीला होती. टेबलाचं टोक माझ्या समोर, हाताच्या अंतरावर.

दार उघडलं. वॉकरचा आवाज आला. टक, थांबून पुन्हा टक. जाईबाई. नववारी नीट चोपून नेसलेली, केस विंचरलेले. हॉस्पिटलचा पट्टा अजून मनगटावर. 

"आई, आत जा," वैभव कुजबुजला. "पाहुणे आहेत."

ती आत गेली नाही. वॉकर पुढे टाकत सरळ टेबलाकडे निघाली. वाटेत तिची मान खाली जायला लागली. मी बघितलं, तिने एका हाताने स्वतःची हनुवटी धरली आणि वर केली. कपाटाकडे बघितलं. त्या सगळ्या अर्धमिटल्या डोळ्यांकडे, एकेका तोंडाकडे, बाजारात मासळी बघावी तसं.

"शी," ती म्हणाली.

मग मधल्या एका खुर्चीपाशी गेली, वॉकर सोडला, आणि बसली.

ती पूर्ण बसली नाही. म्हणजे, ती बसली होती. मांड्या दुमडलेल्या, पाठ टेकलेली, हात टेबलावर. पण तिची साडी आणि खुर्चीची गादी यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा होती. त्या जागेतून पलीकडच्या खिडकीचा उजेड मला स्वच्छ दिसत होता. तिची पावलं फरशीला पोचत नव्हती. हवेत लोंबत होती.

मी बघितलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या डायरेक्टरच्या बायकोनेही बघितलं, कारण तिच्या घशातून बारीक आवाज आला. पण तिने लगेच बशीत मान घातली. सगळ्यांनी घातली.

"आई," सीमा रडक्या आवाजात म्हणाली, "उठा ना. प्लीज."

जाईबाईचा चेहरा पांढरा पडला होता. घाम कपाळावरून नाकावर आला होता. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली. मागे वळली नाही. नळावर, रेशनच्या रांगेत, मोर्चाच्या ट्रकमध्ये ज्या आवाजात बोलत आली असेल त्या आवाजात, आपल्या पाठीमागच्याला म्हणाली,

"सरक रे. म्हातारी माणूस बसता. दिसणा नाय?"

काही झालं नाही. एसीची घरघर तेवढी.  मला वाटलं, आता हिला उचलून फेकणार.

"सरक म्हटलंय ना!"

लाकूड करकरलं. जाईबाई हळूहळू खाली आली. उजेडाची ती फट बारीक होत गेली, बोटभर, मग रेघ, मग मिटली. तिची पावलं फरशीला टेकली. तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

तिच्या शेजारची खुर्ची करकरली. मग तिच्या पलीकडची. मग तिच्या पुढची. बाकावर एकजण सरकला की पुढच्याला सरकावं लागतं तसा तो आवाज एकेक खुर्ची करत टेबलाच्या टोकाकडे आला, माझ्याकडे. शेवटची खुर्ची माझ्यासमोर होती. तिच्या गादीतला खळगा मी उभ्या जागेवरून बघत होते. ती खुर्ची फरशीवर घासत मागे सरकली, कुणी उठताना सरकते तेवढीच. खळगा हळूच फुगून वर आला.

पुढ्यात कुणी नव्हतं. समोरची खुर्ची रिकामी होती, या घरातली पहिलीच खरोखर रिकामी. आणि माझ्या डाव्या हाताला, मी आणि ती डायरेक्टरची बायको यांच्यामध्ये, जिथे दोघींच्या खांद्यांत जेमतेम जागा होती, तिथे आम्ही दोघीही न बोलता बाजूला झालो. जागा करून दिली. तिथे गारवा होता, आणि जुन्या कपड्यांच्या पेटीचा वास.

वैभवने बायकोकडे बघितलं. मग एक पाहुणा कोपऱ्यातल्या सोफ्याच्या कडेवर बसला, अगदी टेकल्यासारखा. दुसरी एक बाई बसली. कुणीतरी नको तेवढं मोठ्याने हसलं.

जाईबाईने पुढ्यातलं ताट ओढलं. भात कालवला. मोठा घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घास हातात घेऊन तिने मान वर केली आणि माझ्या डाव्या खांद्याच्या वर, माझ्यापेक्षा हातभर उंच कुठेतरी बघितलं. बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरत गेला.

"गो बाय," ती मला म्हणाली, "तेका पण वाढ. उपाशी उभो हा तो."